आप्पांच्या प्रतिबिंबासाठी फिल्टर

माझे वडील दिवाळीनंतर नाशिकला भावाकडे कायमचे राहायला गेले, परंतु त्यांचे प्रतिबिंब मोरवंडच्या तळ्यातच राहिले.

आमच्या गावात अशी उदाहरणे नवी नाहीत. एकाच जागी वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे घडते, आणि पंप वाइंडिंगचे दुकान बंद केल्यापासून आप्पा रोज संध्याकाळी तळ्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर, तळवे पाण्याला जेमतेम टेकतील असे पाय सोडून बसत. तरीही मी पदार्थविज्ञान शिकवते आणि ऐकीव गोष्टीवर मत बनवणे मला मान्य नाही. ते नाशिकला पोचल्याचा फोन आला तेव्हा मी स्वतः तळ्यावर जाऊन पाहिले. पायरी रिकामी होती. पाण्यात आप्पा बसलेले होते; डोके खाली, पाय वर, जसे पाण्यात असायला हवे तसे. पाय हलत होते.

काही दिवसांनी भावाचा, शिरीषचा फोन आला.

"ताई, आप्पांना दाढी करता येत नाहीये. बेसिनसमोर उभे राहतात आणि आरशात मागचा टॉवेल दिसतो."

"तू करून दे."

"करतोच आहे. ते नाही गं. परवा जयानं चहा केला आणि आप्पांचा कपच काढला नाही. समोर बसले होते ते. ती तशी नाही, तुला माहितीये. विसरली."

आमच्याच गावातल्या गोसावींच्या बाबतीतही सुरुवात कपापासूनच झाली होती. त्यांचे प्रतिबिंब विहिरीत राहिले आणि पालिकेच्या उपशाने विहीर आटली. पुढे मुलीच्या घरी त्यांचे ताट वाढायचे राहू लागले, नंतर अंथरूण घालायचे. आता त्यांचे पहिले नाव गावात कोणालाच सांगता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

त्याच आठवड्यात पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचे अभियंता ढवण यांनी मला बोलावून घेतले.

"मॅडम, चैत्रात तळं रिकामं करतोय. गाळ काढायचाय. तुमच्या वडिलांचं आहे ना तिथं?"

"आहे."

"मग तोवर उचलून घ्या. पाण्याबरोबर गेलं की आमची जबाबदारी नाही."

"गोसावींना तुम्ही कळवलं नव्हतं."

"कळवणार होतो हो," ढवण म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होते. "पत्र लिहायला बसायचो आणि कुणाला लिहायचंय तेच आठवायचं नाही."

प्रतिबिंब उचलण्याची रीत सोपी आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर चढवायचा, त्याची कडी पाण्यावरची चकाकी जाईपर्यंत फिरवायची आणि बटण दाबायचे. उचललेले प्रतिबिंब ज्याचे त्याच्याजवळच्या आरशात जाते. नुसत्या फोटोने काही होत नाही. शिरीषने मला मोबाइलवर काढायला लावलेले फोटो केवळ फोटोच निघाले. सगळे अवलंबून असते ते फिल्टरवर. आमच्या शेजारच्या कुलथ्यांनी मिळाला तो सर्वांत स्वस्त घेतला. त्यांच्या आई आरशात अजून पिवळ्या दिसतात. डॉक्टरांनी दोनदा काविळीची तपासणी केली. आईंचे रक्त उत्तम आहे, दोष काचेच्या रंगाचा आहे.

मी फिरोज बागवान यांच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे चाचणीसाठी भिंतीवर आरसा आहे आणि त्याच्यापुढे स्टुलावर स्टीलचा तांब्या असतो. गिऱ्हाइकाने स्वतः आरशासमोर उभे राहायचे नाही, बाजूने तांब्यावर नेम धरायचा, असा दुकानाचा दंडक आहे. चाचणी झाली की तांब्याचे प्रतिबिंब जवळच्याच आरशात, म्हणजे त्याच जागी परत येते. पण तो तांब्या आजवर इतक्यांदा उचलला गेला होता की आरशात फिकट झाला होता.

"कुणाचं उचलायचंय, ताई?"

"वडिलांचं."

"आप्पांचं? तरीच. परवा तळ्यावर त्यांना हात केला मी, त्यांनी पण केला. नंतर लक्षात आलं, पायरीवर कुणी नाही." त्यांनी काउंटरवर तीन डब्या मांडल्या. "हा जर्मन काचेचा. हा मधला. आणि हा... हा तुम्हाला नाही दाखवत. कुलथेसाहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत."

मी तिसराही मागून घेतला, कारण दोन वस्तूंची तुलना ही तुलना नव्हे. त्याची कडी अर्ध्यात अडकत होती आणि पांढरा कागद त्यातून चहा सांडल्यासारखा दिसत होता. तो मी बाजूला ठेवला. जर्मन काचेतून पाहिले, कडी फिरवली, आणि आरशातला तांब्या पूर्णपणे गेला. स्टूल तेवढे उरले. मधल्या फिल्टरचा रंग निर्दोष होता, कडी सरळ फिरत होती, बोटाचा डाग एका पुसण्यात निघाला. परंतु आरशात तांब्याचा तळ राहिला. बांगडीसारखी एक चकती, स्टुलाला टेकलेली.

"हा सदोष आहे," मी म्हणाले.

"सदोष नाही हो ताई. या किमतीत तळ राहतोच. सरळ खाली बघितलं की काचेची पकड सुटते, तुम्हाला तर माहीतच असणार."

मला माहीत होते. पृष्ठभागाकडे तिरके पाहिले तर चकाकी कापली जाते. अगदी उभे खाली पाहिले तर नाही. जर्मन काचेने तीही कापावी, याला माझ्या विषयात आधार नाही. पण मी ते डोळ्यांनी पाहिले होते आणि किंमत मधल्याच्या पाचपट होती.

"आणि एक ऐका," फिरोजभाई म्हणाले. "घ्याल तो मोठ्या मापाचा घ्या. जोडकडं लावलं की तुमच्या सगळ्या लेन्सना चालेल. उद्या तुमचं स्वतःचं कुठं राहिलं तर परत खर्च नको."

"मी कुठेही बसत नाही," मी म्हणाले.

दुकानाबाहेर येऊन मी आप्पांना फोन केला. निर्णय माझा असला तरी प्रतिबिंब त्यांचे होते.

"केवढ्याला?" त्यांनी आधी विचारले. मी दोन्ही किमती सांगितल्या. "फिरोजच्या बापाच्या पंपाचं वाइंडिंग मी फुकट करून दिलं होतं. सांग त्याला."

"आप्पा, मी जर्मन घेणार आहे. मधल्यात दोष आहे. तुमचे पाय तळ्यात राहतील."

"किती राहतील?"

"घोट्यापर्यंत."

"बाकी सगळा मी इकडे?"

"हो."

"मग दोष कसला त्यात? तोच घे, नलू."

"चैत्रात तळं रिकामं करतायत. पाय गेले तर पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. लोक तुम्हाला चप्पल घ्यायला विसरतील. पायरी आली तर हात द्यायला विसरतील. अर्ध्या माणसाचं काय होतं, याची आपल्या गावात एकही नोंद नाही."

"तू एवढी शिकलीस ना? मग एवढं बघ." मग म्हणाले, "इथं चौथ्या मजल्यावर पाय सोडून बसायला जागा नाही गं कुठं. शिरीष चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण जागा नाही."

मी मधला फिल्टर घेतला, मोठ्या मापाचा, जोडकड्यासह. मी पंपाची आठवण करून देण्याआधीच फिरोजभाईंनी किंमत कमी केली.

त्यानंतर मी ढवणांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खुर्ची पुढे ओढली.

"अख्ख्या माणसासाठी मला तळं भरलेलं ठेवता येत नाही, मॅडम. वरून विचारणा होईल."

"अख्ख्या माणसासाठी नाही. पायांसाठी."

"किती नंबरची चप्पल?"

"आठ."

त्यांनी हातानेच हवेत माप घेतले. "डबकं चाललं पाहिजे तुम्हाला. पायरीला लागून. कंत्राटदाराला सांगतो, तेवढ्यात मशीन घालू नको. उन्हाचं आटेल, ते मात्र तुमचं तुम्ही बघायचं."

"चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य तिरका असताना, मी आप्पांच्या पायरीवर उभी राहिले. शिरीषला सांगून आप्पांना नाशिकला आरशासमोर उभे केले होते. पाण्यातल्या आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी कडी फिरवू लागले. आधी टोपी गेली, मग कपाळ, मग खांदे. जिथे त्यांची छाती होती तिथे तळाचे शेवाळ दिसू लागले आणि त्यात रुतलेला एक पाना, जो ते अनेक वर्षे शोधत होते. गुडघे गेले. घोट्यापाशी काच थांबली. मी कडी आणखी फिरवून पाहिली. कपाळ परत येऊ लागले, म्हणून तिथवरच मागे आणली आणि बटण दाबले.

लगेच फोन वाजला.

"ताई, आले! साबण लावलेला आहे आणि आरशात दिसतायत!"

"रंग बघ. पिवळे आहेत का?"

"नाही गं. नेहमीसारखे सावळे."

"कडा काळवंडल्या आहेत?"

"ताई, ते हसतायत. तू कडा काय विचारतेस?"

बेसिनवरच्या आरशात माणूस छातीपर्यंतच दिसतो, त्यामुळे जयाला अजून काही कळलेले नाही. आप्पांचा चहा ती आता न विसरता करते, साखरही कमी घालते. इमारतीच्या लिफ्टमध्ये मात्र उभा मोठा आरसा आहे. तिथे आप्पा भाजीची पिशवी पायांपुढे धरून उभे राहतात. कोणी विचारलेच तर पिशवी जड आहे म्हणतात.

तळे चैत्रात रिकामे झाले. मशीन पायरीपासून अंतर राखून फिरले आणि कंत्राटदाराने डबक्याभोवती दगड लावून दिले. भर उन्हाळ्यात, पंखा पुरत नाही अशा दिवसांत, आप्पा नाशिकला लोकरीचे मोजे घालून बसतात. शिरीषने त्यांना डॉक्टरांकडे नेले होते. पाय गार आहेत, एवढेच निदान झाले.

मी रोज संध्याकाळी कॉलेजवरून परतताना तळ्यावर एक बादली नेते. डबके दिवसभरात खाली गेलेले असते. काल ओतत असतानाच फोन आला.

"नलू, आत्ता पाणी घातलंस?"

"हो."

"बरं वाटलं," आप्पा म्हणाले. "बस जरा."

मी पायरी पुसली आणि बसले.