वरची वाडी, खालची वाडी

"अंतर मला शिकवू नका!" मुश्ताकभाई म्हणाले. "बावीस वर्षं अल कुसैस ते फुजैरा अप-डाऊन केलंय मी!"

आता दुबईत बसून फुजैराच्या मापाने कोणी उत्तर ध्रुव मोजतं का? भाईंनी मोजला! त्यांची लेक एमान तिकडे बर्फात, हवामान केंद्रात नोकरीला. गावाचं नाव जिभेला झेपेना, म्हणून भाईंनी आपल्या रत्नागिरीच्या हिशेबाने त्याची वरची वाडी केली. एमान गेल्यानंतर शेजारी राहायला आलेल्या जैनबखालांचा मोईन त्याच मुलखातल्या दुसऱ्या गावी वीजघरात इंजिनिअर. ती खालची वाडी. मधलं हवाई अंतर फक्त एकशे वीस किलोमीटर! रोज्याच्या दुपारी, बाहेर धुळीचं वारं सुटलेलं असताना, भाई एसीखाली डोळे मिटून त्या दोन वाड्यांमधल्या पांढऱ्या वाटेने हिंडत. बर्फ भुरभुरतोय, पाय रुततायत. ना हॉर्न, ना टोल! अस्रची अजान झाली की मोठ्या नाखुशीने परत येत.

एमानची घराबाहेरची ही पहिली ईद. पोरगी फोनवर रडली. मोईन नेमका सुट्टी संपवून परत निघालेला, आणि गल्फचा माणूस मोकळ्या हाताने विमानात बसलाय कधी? भाईंच्या बायकोने, मरियमबींनी, त्याच्या गळ्यात खोकं मारलं. शेवया, आंबापोळी आणि सात पिशव्यांत बांधलेला सुका जवळा!

"एमानला पोचव," भाई म्हणाले. "तासाचं काम!"

"चाचा, डायरेक्ट फ्लाइट नाही. आधी दक्षिणेला दीड हजार किलोमीटर, मग तेवढंच परत वर. हवा चांगली असली तर तीन दिवस!"

"एकशे वीसला तीन दिवस? भूगोलात नापास होतास काय रे?"

मोईन बिचारा खोकं घेऊन आपल्या वाडीत गेला. पोरं एकमेकांशी बोलली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण परक्या पोराला मुलीचा नंबर? तोबा तोबा! "मी आहे ना मध्ये," भाई म्हणाले.

मध्ये राहून त्यांनी एमानला फोन केला, "तूच जा, खोकं घेऊन ये."

"अब्बा, देअर इज नो रोड!"

"विमान आहे ना? यल्ला, निघ! तिकीट माझं."

आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात मरियमबी मोईनला सांगत होत्या, "पोरगी रडते रे बाळा. तूच नेऊन दे. चाचांना बोलू नको, उगाच सल्ले देत बसतील."

ईदच्या सकाळी भाईंनी नवा कुर्ता घालून फोन लावला. "ईद मुबारक! मिळालं खोकं?"

"अब्बा, मी खालच्या वाडीत आहे. मोईनच्या दाराला कुलूप!"

तेवढ्यात मरियमबींचा फोन वाजला. "खाला, मी वरच्या वाडीत. एमानच्या दाराला कुलूप! परतीची फ्लाइट नऊ दिवसांनी!"

मरियमबींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने एसीकडे पाहिलं.

"मोईन बाळा, तू तरी खा रे, ईद आहे," म्हणत मरियमबींनी ओढणीने डोळे पुसले.

"मधल्या विमानतळावर कोणी भेटलं नाही तुला?" भाईंनी लेकीला चाचरत विचारलं.

"एक मुलगा होता, अब्बा. सहा तास शेजारी बसला होता. सगळीकडे अम्मीच्या जवळ्याचा वास येत होता! आय थॉट, घरची आठवण येतेय म्हणून भास होतोय. खूप रडायला आलं, सो मी उठून लांब जाऊन बसले."

"द्या!" मरियमबी कडाडल्या. "आता तरी पोरांना एकमेकांचे नंबर द्या!"

भाईंनी मुकाट्याने दोन्ही नंबर पाठवले. मग हळूच म्हणाले, "पण बघ गो, अंतर तसं फार नव्हतंच!"