दक्षिणेकडचे दिवे आणि गद्रेकाका

मँचेस्टरला आमच्या शेजारी राहणारे डॉक्टर गद्रे रोज सकाळी दारातली दुधाची बाटली उचलण्याआधी तिची कसून तपासणी करायचे. कुणीतरी तिच्या चंदेरी झाकणाला भोक पाडून वरची साय खात होतं. काकांचा पहिला संशय समोरच्या म्हातारीवर, दुसरा दूधवाल्यावर आणि तिसरा माझ्या नवऱ्यावर. हा तिसरा त्यांनी मला तोंडावर सांगितला. तीन दिवस ते पडद्याआड दबा धरून बसले. चौथ्या दिवशी चोर सापडला. निळ्या डोक्याचा, चिमणीपेक्षाही लहान पक्षी. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. काका म्हणाले, "ते ठीक आहे. पण त्याला शिकवलं कुणी?"

तीस वर्षं ते हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते. पेशंट काय सांगतो ते ऐकायचं नाही, काचेवरचा नमुना काय सांगतो ते बघायचं, हा धंद्याचा नियम त्यांनी घरी आणला आणि रिटायर झाल्यावर गल्लीत सोडला. "नमुना कुठाय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. टीव्हीवर उद्या ऊन म्हटलं की काका छत्री घेऊन निघत. मँचेस्टरच ते, त्यामुळे दर वेळी त्यांचंच खरं ठरे आणि संशयाला खतपाणी मिळे. मंडळाच्या गणपतीत त्यांनी मोदक फोडून हुंगला आणि चारचौघांत जाहीर केलं, "हे ओलं खोबरं नाही. पाकिटातलं भिजवलंय." ते मोदक माझे होते. खोबरं पाकिटातलंच होतं, पण म्हणून काय असं बोलायचं?

मी ब्रांच लायब्ररीत कामाला होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सोमवारी काका काउंटरवर आले आणि निळं एअरोग्राम माझ्यापुढे आपटून म्हणाले, "वाच. यात काहीतरी काळंबेरं आहे."

पत्र अंजूचं होतं. काकू गेल्यापासून काकांना जगात ही एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला गेली होती. 'बाबा, काल रात्री समुद्रावर दक्षिणेकडचे दिवे पाहिले. आकाशात लाल पडदे हलत होते. मी इथे अगदी मजेत आहे.'

"किती छान!" मी म्हटलं.

"छान? उत्तरेचे दिवे, म्हणजे तो ध्रुवीय प्रकाश, असतात हे शाळेतली पोरंही सांगतील. दक्षिणेचे कुणी ऐकलेत? अगं, आपण दिव्याचं तोंडसुद्धा दक्षिणेला करत नाही!"

मी खगोलशास्त्राची तीन पुस्तकं काढून दिली. एक तर दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून मागवलं. काकांनी ती आरोपीची जबानी वाचावी तशी वाचली. पुस्तकांचं म्हणणं असं, की दक्षिणेचे दिवे खरोखर असतात. ते बघायला थेट दक्षिण ध्रुवावर जावं लागत नाही. सूर्य खवळला की न्यूझीलंडच्या टोकावरून किंवा टास्मानियातूनही दिसतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास शक्यता जास्त, नाहीतर तिकडच्या हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री. गावाचे दिवे मागे टाकून, समोर उघडा समुद्र येईल असं दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं.

"आणि हे बघ," काकांनी बोट ठेवलं. "इतक्या लांबून ते क्षितिजाशी पुसट दिसतात. डोळ्यांना बहुतेक वेळा करडे, फोटोत मात्र लाल. म्हणजे जे दिसतं ते नाही आणि जे आहे ते दिसत नाही. वर आपली रात्र तेव्हा त्यांचा दिवस, म्हणजे पडताळायची सोयच नाही. व्वा!"

त्यानंतर वर्षभर दर पत्रात दिवे येत राहिले. हिरवे, जांभळे, कमानीसारखे. अंजू लिहायची छान. मी तर तिच्या पत्रांची वाट बघायला लागले होते. काकांनी मात्र एका वहीत प्रत्येक पत्राची तारीख मांडली होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला चाळा हवाय.

एप्रिलमध्ये ते पुन्हा आले. कोट भिजलेला, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा छत्री विसरलेले. त्यांनी वहीत ताज्या पत्राची नोंद उघडली आणि शेजारी पुण्याहून आलेलं पंचांग ठेवलं.

"महिना बरोबर. जागा बरोबर. दिशा बरोबर. 'क्षितिजाशी अगदी पुसट, मंद दिवे,' हेही पुस्तकाबरहुकूम. आता तिथी बघ."

मी पाहिलं. होळी पौर्णिमा.

"डोक्यावर पुरा चंद्र," काका म्हणाले, "आणि हिला पुसट दिवे दिसले? काही दिसलं नाही तिला. ती बाहेर गेलीच नाही. आणि होळी होती हे पोरगी विसरली. अंजू! लहानपणी बागेत पालापाचोळा पेटवून आख्ख्या स्ट्रीटला बोंब मारायला लावायची ती."

"अहो काका, चुकली असेल तारीख. ती तर लिहिते मजेत आहे."

"म्हणूनच! गेल्या चार पत्रांत जावयाचं नाव नाही. दिवे चारही पत्रांत आहेत. माणूस पत्रात आकाशाचं वर्णन करायला लागला की समजावं, घरात काहीतरी बिघडलंय."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी जरा चिडूनच विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"नवा आलो तेव्हा एका खोलीत राहायचो. भिंतींना ओल. कुणाशी आठवडा आठवडा बोलणं नाही. रोज रात्री वाटायचं, परत जावं. आणि रत्नागिरीला आईला काय लिहायचो? बर्फ! झाडांवर बर्फ, छपरांवर बर्फ, बाकी सर्व क्षेम. एकदा तर जूनमध्ये बर्फ पडल्याचं लिहिलं. तिला बिचारीला काय ठाऊक, जूनमध्ये इथं बर्फ पडत नाही ते. ती शेजारीपाजारी पत्र वाचून दाखवायची." त्यांनी चष्मा घातला. "तिला संशय यायला हवा होता गं. एकदा तरी."

गेल्याच आठवड्यात मी माझ्या आईला डॅफोडिलच्या फुलांवर चार पानं लिहिली होती.

"फोन करा ना तिला," मी शेवटी म्हटलं.

"फोनवर ती हसेल. हसण्याचा नमुना घेता येत नाही. समोर बसून बघावं लागतं."

आणि विमान, पायलट, ट्रॅव्हल एजंट या तिघांवरही काडीचा विश्वास नसलेला हा माणूस पंधरा दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. जाताना मला दुधाच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायला सांगून गेला. मी ठेवलंही.

दीड महिन्यानं त्यांचं पत्र आलं. मी दारातच उभ्या उभ्या फोडलं.

'संशय खरा निघाला. जावई आठ महिन्यांपूर्वीच घर सोडून गेला. पोरगी एकटी होती, वजन उतरलंय. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपलं चुकलं असतं तर बरं झालं असतं. मला दारात बघून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?" मी पंचांग दाखवलं. मग खूप रडली, आणि रडता रडता हसली. हसणं तपासलं. अस्सल होतं.

'इथे स्वयंपाकघराचा नळ गळतो. तांदूळ चिकट, त्यात भेसळ असावी. शेजारी रोज सकाळी आपणहून गुड मॉर्निंग म्हणतो, त्याच्यावर नजर आहे. माझा मुक्काम लांबला आहे. अंजू आता दोन पोळ्या खाते.

'दक्षिणेकडचे दिवे दिसले का, ते लिहीत नाही. तू उगाच काळजी करत बसशील.'