चार नंबरच्या साच्याचा अर्ज

आमच्या कारखान्यातल्या चार नंबरच्या साच्याने सोमवारी रीतसर अर्ज केला, की आपल्याला एक तरी नग स्वतःजवळ ठेवू द्यावा. अर्ज तीन प्रतींत होता. अक्षर कुंदाताई आहिरेंचं, कारण साच्याला हात नाहीत. सहीच्या जागी साच्याच्या कडेचा ठसा होता. मी तपासणी विभागात आहे आणि लोकांच्या अर्जांत चुका काढण्याबद्दल थोडा बदनामही आहे. या अर्जात एकही चूक नव्हती, म्हणून नाइलाजाने खाली गेलो.

आम्ही विमानाचे दरवाजे करतो. राळ लावलेलं काळं कापड साच्यावर थरावर थर अंथरायचं, वर पिशवी घालून आतली हवा खेचायची आणि साच्यासकट आठ तास भट्टीत भाजायचं. त्याआधी साच्याला मेणाचे तीन हात द्यावे लागतात, नाहीतर दार साच्याला जन्माचं चिकटतं. हे मेण अठरा वर्षं कुंदाताई लावतात. चार नंबरने आतापर्यंत सातशे नव्याण्णव दारं सोडली होती. आठशे झाली की नियमाप्रमाणे तो भंगारात जाणार होता.

"घुगेसाहेब, इथून ती जातात कुठे?" साच्याने विचारलं.

"छाटणीला. मग विमानात."

"आणि मग?"

"मग उडतात."

"परत येतात का?"

"नादुरुस्त झाली तर एखादं येतं."

"मग नकोच यायला," तो म्हणाला. "पण साहेब, आठ तास अंगाशी असतात. गार होईपर्यंत नीट बघूनही होत नाही, की पाचर मारून काढून नेता."

नियमानुसार छाटणीच्या चौकटीचंही मत घेतलं. ती म्हणाली, की आपल्याकडे दारं कडा कापून घ्यायला येतात, आपण जीव लावत नाही. पण चार नंबरची दारं यायची ती अजून कोमट असायची, एवढं लिहून घ्या. मी लिहून घेतलं.

बुधवारी व्यवस्थापकांनी अर्ज फेटाळला. अशी तरतूद नाही, असा शेरा होता. तो मीच साच्याला वाचून दाखवला. मला फार वाईट वाटलं, आणि कामावर असताना वाईट वाटायची मला सवय नाही.

गुरुवारी चार नंबरवर शेवटचं दार अंथरायचं होतं. मी तपासणीचं कार्ड घेऊन गेलो तेव्हा कुंदाताई साच्याशेजारी फडकं घेऊन उभ्या होत्या.

"मेण झालं?" मी विचारलं.

"झालं, साहेब."

मी बोट फिरवून पाहिलं. साचा कोरडा ठणठणीत होता. कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. कार्डावर 'तीन हात, योग्य' असं लिहून मी सही केली. अठरा वर्षांतली माझी ही पहिली खोटी सही.

शुक्रवारी दार सुटेना. लाकडी पाचरी मोडल्या, हवेचा दाब देऊन झाला. चौकशीत कुंदाताई म्हणाल्या, "विसरले." मी म्हणालो, मी नीट पाहिलं नाही. दोघांनाही ताकीद मिळाली आणि ते दार पाच नंबरवर पुन्हा करायचं ठरलं. हे सगळं चालू असताना साचा एकदाही बोलला नाही. त्याला आता आमच्याशी बोलायचं काही राहिलं नव्हतं.

मंगळवारी भंगाराचा ट्रक आला. ट्रकवाल्याने साच्याभोवती एक चक्कर मारली.

"साहेब, धातू वेगळा आणि हे काळं वेगळं करून द्या की."

"होत नाहीत वेगळे."

"मग पावतीवर नग किती लिहू? दोन?"

"एक लिहा," कुंदाताई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे. एकच."