नावधारक कोणाला म्हणावे

समितीच्या चौथ्या बैठकीतही ‘नावधारक’ या शब्दाची व्याख्या ठरेना. इंटरनेटवर प्रत्येक संकेतस्थळाला नाव लागतं, ते नोंदवावं लागतं, आणि त्या नोंदणीतल्या साडेतीनशे शब्दांच्या व्याख्या करायला ही समिती बसवलेली. बाकीचे सदस्य चहा येईपर्यंत वाद घालत आणि चहा आला की सहमत होत. निवृत्त अभियंतासाहेब मात्र चहा गार झाला तरी हटायचे नाहीत.

“ज्याच्या नावे नोंद, तोच नावधारक,” ते म्हणाले. “नवरा, बायको, मूल, कोणीही नाही. व्याख्येत भावना नको.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. व्याख्यांचं पुस्तक छापून झालं आणि नोंदणी कंपनीने ते जसंच्या तसं लागू केलं. साहेबांची कॉलर ताठ झाली.

आता घरातली गोष्ट. साहेबांनी बायकोला एका वाढदिवसाला तिच्या विणकामाच्या वर्गासाठी असं एक नाव घेऊन दिलं होतं. नोंद तिच्या नावे, ईमेलची टपालपेटीही त्याच नावावर, मुदत दहा वर्षांची. ती जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून साहेब रोज सकाळी तिला एक ईमेल लिहीत. नळ गळतोय, शेजारणीने कुत्रं पाळलंय, असलंच काहीबाही. उत्तर येणार नाही हे त्यांना कळत होतं. पण लिहिल्याशिवाय दिवस सुरूच व्हायचा नाही, त्याला ते तरी काय करणार?

एका सकाळी पत्र परत आलं: हा पत्ता अस्तित्वात नाही.

मुदत संपली होती. कंपनीने तशा सूचना सहा वेळा पाठवल्या होत्या, पण त्या बायकोच्या पेटीत. पेटीचा पासवर्ड साहेबांना पाठ होता; दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही हा त्यांचा बाणा. तोही बायकोच्या बाबतीत! अशा माणसाला काय म्हणावं?

साहेब तडक कंपनीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी नातं विचारलं. साहेबांनी सांगितलं. बाईंनी पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, “नवरा, बायको, मूल, कोणीही नाही.” व्याख्या पक्की होती, शिरायला कुठे फट नव्हती.

“त्या स्वतः आल्या तर पाच मिनिटांचं काम आहे,” बाई म्हणाल्या.

“ती येऊ शकत नाही,” साहेब म्हणाले.

बाई ओशाळल्या. पण नियम नियमच. तीस दिवसांनी नाव मोकळं होईल, मग पहिला येईल त्याचं, असं त्यांनी हळूच सांगितलं.

साहेबांनी समितीपुढे दुरुस्ती मांडली: ‘किंवा त्याच्या माघारी त्याचं माणूस.’ अध्यक्षांनी त्यांना त्यांचंच भाषण ऐकवलं. साहेब खाली मान घालून बसले.

तिसाव्या दिवशी ते तासभर आधीपासून संगणकापुढे होते. नाव मोकळं झालं. त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं, पण तोवर दुसऱ्याच कोणीतरी ते घेतलेलं होतं. साहेब लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या सकाळी बोटांनी सवयीने पत्र लिहिलं आणि पाठवलंही. ते परत आलं नाही. म्हणजे घरातली गोष्ट कोणा परक्याच्या हाती पडली होती.

दुपारी परगावच्या लेकीचा फोन आला.

“बाबा, आईचं पान दिसेना, म्हणून ते नाव मी घेतलं. तुम्हाला आश्चर्याचा धक्का देणार होते. पण तुमचं पत्र आलंय माझ्याकडे.”

“वाचलंस?”

“वाचलं. गुडघा सुजलाय, चार दिवस जिना उतरला नाहीत. परवा मला म्हणालात, ठणठणीत आहे. आईला खरं सांगता आणि मला नाही?”

साडेतीनशे शब्दांचा माणूस, पण एकही कामी येईना.

“मी निघतेय,” लेक म्हणाली. “संध्याकाळपर्यंत पोचते. तोवर गुडघा शेका.”

साहेब लंगडत उठले. तिन्ही कपाटं पालथी घातली, शेकायची पिशवी काही सापडेना. ती कुठे असायची ते बायकोला ठाऊक. ते पुन्हा संगणकापुढे बसले, तिला विचारायला दोन ओळी लिहिल्या, वाचल्या आणि पुसून टाकल्या.

मग त्यांनी लेकीला फोन लावला.

“अगं,” साहेब म्हणाले, “मला ना, काहीच सापडत नाही.”