पट्टी, पाच मिनिटं आणि वाघ

अमर वाघाला भीत नाही. तलावाकाठच्या मोहाच्या झाडाला वाघ टिपायचा वनखात्याचा कॅमेरा बांधताना त्यानं हे वनरक्षक दिनेशला सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, आणि बायकोला तर आठवड्यातून दोनदा सांगितलं.

तो भितो आपल्या आईला.

चंदाबाई मारकुटी नाही, तोंडाळ नाही. तिला आनंद फार लवकर होतो, एवढंच. मागच्या पोळ्याला बायकोचे, डिंपलचे, पाळीचे चार दिवस वर गेले आणि अमरच्या तोंडून ते निसटलं. दुपारी गावात पेढे. संध्याकाळी मारुतीला नवस. पाचव्या दिवशी डिंपल न्हाणीत तोंडाला पदर लावून रडली. त्यानंतर महिनाभर बाया तिला विहिरीवर "असू दे वो, होईन" म्हणत राहिल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

यंदा आठ दिवस वर गेले. नवरा-बायको एकमेकांच्या डोळ्यांत बघेनात.

"पट्टीनं पाहू," डिंपल म्हणाली. "दुसऱ्यांदा नाई मले पेढे वाटायचे. पक्कं झाल्याबिगर कोणाले बोलाल तर पाहा."

गावातली आशा कार्यकर्ती बायनाबाई पट्टी फुकट देते. पण बायनाबाई आणि चंदाबाई एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात. फुकटची पट्टी महागात पडली असती.

म्हणून अमर बाजाराच्या दिवशी अहेरीला मासे विकून मेडिकलसमोर तासभर उभा राहिला. गर्दी हटल्यावर आत शिरला आणि काय हवंय ते काउंटरला सांगितलं.

"पाळी चुकून किती दिवस झाले?" मेडिकलवाल्यानं विचारलं.

अमरनं मागं वळून पाहिलं. "कोणाची?"

"माझी नाई, भाऊ."

"आठ."

"मंग बराबर हाय. त्याच्या आधी पाहाल तर पट्टी खोटं बोलते. सकाळची पहिली घ्या, तीन थेंब टाका, पाच मिनिट थांबा. पन्नास रुपये."

इथवर सोपं होतं.

पुडीतल्या कागदावर लिहिलं होतं: सकाळची पहिली लघवी वापरावी.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं होतं: वाघाचा वावर आहे. सूर्योदयापूर्वी घराबाहेर पडू नये.

घरी संडास आहे. त्यात जाळी आहेत, दोन वल्ही आहेत आणि नावेला लावायच्या डांबराचा डबा आहे. वाघ आल्यापासून गावातल्या बाया ऊन पडल्यावर घोळक्यानं बाहेर जातात, आणि घोळक्याच्या पुढे चंदाबाई असते.

म्हणजे उजाडायच्या आधीच. दोघंच. तलावाकडे.

पाच वाजून आठ मिनिटं. अमरच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात स्टीलची ताटली. वाघ आला तर वाजवायला. वाघ यायच्या आधीच ती वाजत होती.

"बॅटरी धरा न नीट," झुडपाआडून डिंपल म्हणाली.

"मी वारा पाहून राह्यलो."

पाच अकरा. तीन थेंब पडले. बॅटरीचा उजेड जागेवर राहीना, म्हणून डिंपल पट्टी घेऊन मोहाखाली मोकळ्यात आली.

पाच बारा. झाडातून पांढरा लखलखाट झाला.

पुढचं अमरला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तो मोहाच्या दुसऱ्या फांदीवर होता, ताटली खाली कुठंतरी आदळत होती, आणि पायांसमोर एक खोकं होतं. खोक्याला पट्टा होता. पट्ट्याची गाठ ओळखीची होती. ती त्यानंच मारली होती.

"वाघ कुठी हाय?" खालून डिंपलचा आवाज.

"नाई."

"मंग वर काऊन गेले?"

"पाहायले."

डिंपलनं तलावाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पट्टी पाण्यात पडली. किती रेघा आल्या, मले दिसलं नाई."

दहा वाजता दिनेश कॅमेऱ्यातलं कार्ड आणि लॅपटॉप घेऊन समाजमंदिरात आला. वाघ बघायला अर्धं गाव जमलं.

"दिनेशभाऊ, आज राहू दे."

"काऊन? तू तं भीत नाईस न."

पहिला फोटो, रानडुक्कर. दुसरा, त्याच डुकराचं बूड. तिसरा, डिंपल, डोळ्यांसमोर पांढरी पट्टी धरून. चौथा, फांदीवर दोन पाय, एकाच पायात चप्पल, हवेत ताटली.

कोणी हसलं नाही. एवढ्या बायका एका जागी, आणि सगळ्या तिसऱ्या फोटोवर अडकलेल्या.

बायनाबाईनं चष्मा लावला. "मोठं कर, दिनेश."

दिनेशनं फोटो मोठा केला.

"एकच रेघ हाय."

मागं भिंतीला टेकलेल्या डिंपलनं डोळे मिटले. कोणीतरी "असू दे वो" म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"थांबा," बायनाबाई म्हणाली. "थेंब कवा टाकले वो?"

"पाच अकराले."

"अन् फोटो पाच बाराचा. एका मिनिटात काय दिसन? पाच मिनिट लागते." तिनं पिशवीतून नवी पट्टी काढून डिंपलच्या हातात दिली. "माह्याकडं फुकट भेटते. कायले पैसे घातले?"

अमरनं आईकडे पाहिलं. आता पेढे, नारळ, नवस. चंदाबाई उठली, काही न बोलता घरी गेली. आई गप्प बसलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

पहाटे उठून पाहतात तर सगळी जाळी अंगणात. चंदाबाई डांबराचा डबा ओढत संडासातून बाहेर येत होती.

"जाय," ती सुनेला म्हणाली. "मी पाहात नाई. कोणाले बोललीबी नाई." आणि दाराकडे पाठ करून वल्ह्यावर बसली. तोंडात खर्रासुद्धा नव्हता.

पाच मिनिटं. अमरनं सेकंदासेकंदानं मोजली, दोनदा चुकला.

डिंपल दारात आली. दोन बोटं वर केली.

चंदाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि पाठ तशीच ठेवली.

अमरनं चारी बाजूंना पाहिलं. अंगणात चढायला एकच झाड होतं, आणि ते पपईचं होतं.