सोशिक बाईचा पिक्चर

नवऱ्याचा मार खाऊन मंदाबाई माहेरी आली, त्याला दीड महिना झाला होता. तिला परत धाडायचं पंचांनी ठरवलं, पण ती हलेना. तेव्हा तिच्या वडिलांना, सुपडूअप्पांना, शिरपूरचा व्हिडिओवाला निर्मलकुमार आठवला. अप्पांनी त्याला बजावलं, "शेठ, बाई मार खास, सोसस, पन नवराले सोडस नही, असा पिक्चर लई या."

निर्मलकुमार पिक्चर पाहायचा नाही, कॅसेटच्या डब्यावरचं चित्र पाहायचा. एका डब्यावर डोक्यावरून फडकं घेतलेली बाई होती, काखेत पोर, मागे घोडेस्वार. बाई सोसतेय, यात त्याला शंका उरली नाही.

रविवारी दुपारी अप्पांच्या ओसरीवर टीव्ही मांडला. पुढे बायका, मागे पंच आणि खुर्चीवर न्यायला आलेला जावई आधार. पिक्चर गोऱ्यांचा निघाला, पण सुरुवात पंचांच्या मनासारखी होती. नवऱ्याने बाईला बडवून माळरानात टाकून दिलं. पंचांतले तोतारामनाना खूश झाले. "देख मंदा, कशी सोसस ती."

मग त्या बाईने बंदूक उचलली.

पहिला गडी पडला तेव्हा नाना म्हणाले, "तो चोर शे." दुसरा पडला. "तोबी चोर शे." तिसरा तिचा नवराच होता. नाना खोकत बसले. अप्पांची बायको लिलाबाई जावयासमोर तोंडावरचा पदर बाजूला करून बघत होती.

आधारचा चहा बशीतच निवला. तो म्हणाला, "मामा, मी हिले अशी लई जात नही. हिनी मन्हावर हात उचलाना नही, असा कागद करा."

मंदाच्या पाठीवरचे वळ पाहून दीड महिन्यात कुणाला कागद सुचला नव्हता. जावयासाठी तो पाच मिनिटांत तयार झाला. लिहिणाऱ्यालाही लाज वाटली नाही.

"अंगठा लाव, बेटी," अप्पा म्हणाले.

मंदा टीव्हीकडेच बघत होती. माळावरून ती बाई एकटी चालली होती.

"ती कशी वाचनी, समजनं मले," मंदा म्हणाली. "तिले माहेर नव्हतं."

अप्पांनी मान खाली घातली. मंदाने अंगठा दिला नाही, आणि कागदाशिवाय आधार नेईना. संध्याकाळच्या बसने तो एकटाच गेला. गावात पुन्हा असला पिक्चर आणायचा नाही, असा ठराव पंचांनी लगेच केला, आणि त्यावर मात्र सगळ्यांचे अंगठे पडले.