दाट धुक्याची गायिका

एका जंगलात, बाळांनो, ऊनसुद्धा आळोखेपिळोखे देत उशिरा यायचं. तिथे डबूराव नावाच्या बेडकानं एक वाद्यवृंद काढला. नाव ठेवलं ‘दाट धुकं’. डबूराव खर्ज लावायचा, टोकेकर सुतारपक्षी खोडावर ठेका धरायचा आणि शेवंता टिटवी गायची. सगळं इतकं संथ, की दोन ठोक्यांच्या मध्ये ससे डुलकी काढून घेत. हसू नका! सगळं जंगल वेडं झालं होतं त्यांच्यापायी.

या मंडळींची एक रीत होती. गायचं ते धुक्यातच. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. “तोंड दिसलं की कान बंद होतात,” असं डबूराव म्हणायचा.

एकदा तालमीत शेवंता म्हणाली, “डबूराव, एकच गाणं जरा पळवू या का?”

“धुकं कधी पळतं का?”

“अहो, पण माझा जीव गुदमरतो.”

“मग दुसरं जंगल बघ!”

आता हे काही त्यानं मनापासून म्हटलं नव्हतं हो. पण शेवंता भर्रकन उडाली, ती गेलीच. त्या पंखांचा आवाज डबूरावच्या कानात कायमचा बसला.

मग साळुंकी आली. चांगली गायची बिचारी, पण श्रोते म्हणाले, “शेवंताची सर नाही.” मग भारद्वाज आला. तो गायला लागला की ऐकणाऱ्यांना वाटे, कुणीतरी वारलं. त्यालाही नारळ दिला. पुढच्या ठोक्याची वाट बघून बघून टोकेकर कंटाळला आणि घरं कोरण्याच्या धंद्याला लागला. त्याच्या जागी एक खेकडा नांगी आपटू लागला.

मूळचा असा एकटा डबूराव उरला. त्याला मनातून एकच हवं होतं, शेवंता परत यावी. पण तोंडानं म्हणेल तर शपथ! त्याऐवजी त्यानं दवंडी पिटवली, “हुबेहूब शेवंतासारखी गाणारी पाहिजे.”

नमुना म्हणून एक पोपट ठेवला. तालमीच्या झाडावरच वाढलेला, कानावर पडलेलं सगळं तोंडपाठ. त्यानं शेवंताच्या आवाजात ओळ म्हणायची, मग आलेल्या पक्ष्यानं म्हणायची आणि डबूरावनं ताडून बघायचं.

दवंडी शेवंताच्या कानावर गेली. तिलाही राहवेना. ‘नाव कशाला सांगायचं? आवाज ओळखेलच की तो,’ असं म्हणत ती आली आणि धुक्यात उभी राहून गायली. दूरदूरचं पाणी पिऊन आवाज भरदार झाला होता, थोडा घोगराही. आणि या वेळी ती आपणहून संथ गायली.

डबूराव डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिला. पण नियम म्हणजे नियम.

“छान गाता हो,” तो म्हणाला. “काळजाला हात घातलात. पण शेवंता अशी गात नव्हती. मी ओळखतो ना तिला.”

धुक्यात मग पंख भर्रकन वाजले.

तो आवाज मात्र डबूरावनं लगेच ओळखला.

“शेवंता! अगं, थांब! एक काय, सगळी गाणी पळवू या!”

“अहो, पण माझा जीव गुदमरतो,” शेवंताचा आवाज आला.

डबूराव उड्या मारत धावला. फांदीवर पोपट बसला होता.

गायकाची जागा पोपटालाच मिळाली. श्रोते खूश आहेत. म्हणतात, शेवंता अजून तश्शीच गाते!

तात्पर्य : गेलेलं माणूस परत आलं, तरी एकदम जवळ घेऊ नये. ते पूर्वीसारखंच आहे का, हे आधी पोपटाला विचारावं. पोपट कधी बदलत नाही.